१:४३ ची काळी-पिवळी : धातूच्या मॉडेल मोटारीला घरी नवा रंग देताना

डाय-कास्ट, म्हणजे साच्यात ओतलेल्या धातूचे, मॉडेल घरी रंगवणाऱ्यांची चूक बहुधा रंगाच्या निवडीत होत नाही, ती जाडीत होते. खऱ्या मोटारीवर अस्तरापासून वरच्या चकाकीपर्यंतचे सगळे थर मिळून साधारण एक दशांश मिलिमीटर भरतात. तेवढाच थर १:४३ प्रमाणातल्या मॉडेलवर दिला, तर प्रत्यक्षातल्या मोटारीवर ४.३ मिलिमीटर जाडीचा लेप थापल्यासारखे दिसते : दारांच्या फटी बुजतात, मूठ आणि बिजागऱ्या गोलसर होतात आणि कितीही चकाकी आणली तरी मॉडेल साखरेच्या पाकात बुडवून काढल्यासारखे वाटते. म्हणून पुढची प्रत्येक पायरी, जुना रंग पूर्ण काढण्यापासून ते चिकटपट्टी कधी सोलावी यापर्यंत, थर पातळ कसा राहील याच दृष्टीने सांगितली आहे.

उदाहरणासाठी फियाट ११०० चे १:४३ मॉडेल घेतले आहे आणि त्याची मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी करायची आहे. प्रीमियर पद्मिनी याच फियाटच्या कुळातली. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या या गाड्या टॅक्सी म्हणून वीस वर्षांच्या वयोमर्यादेपर्यंत धावल्या आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवर अधिकृत पद्मिनी टॅक्सी उरली नाही. शिकण्यासाठीही हा नमुना उत्तम आहे, कारण त्यात एक अवघड रंग आहे, एक सोपा रंग आहे आणि दोहोंमध्ये सरळ, धारदार सीमारेषा आहे.

सुरुवातीलाच एक मनाई. जुन्या, संग्राह्य मॉडेलला हात लावू नये. लिव्हरपूलची डिंकी, तिचे काही साचे कलकत्त्यात आल्यावर तिथे निघालेली ‘निकी टॉइज’ची खेळणी, जुनी कॉर्गी किंवा मॅचबॉक्स यांचा मूळ रंग टवके उडालेला असला तरी नव्या रंगापेक्षा मोलाचा असतो. शिवाय जुन्या खेळण्यांच्या रंगात शिसे असू शकते. असा रंग कोरड्या पॉलिश पेपरने कधीही घासू नये. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या काही मॉडेलांना तर आतूनच रोग लागलेला असतो : जस्ताच्या मिश्रधातूत शिशाची भेसळ राहिल्यामुळे धातू वर्षानुवर्षे फुगत, तडकत जातो आणि शेवटी त्याचा भुगा होतो. अंगावर जाळीदार भेगा दिसल्या, तर रंग देऊन काहीही साधणार नाही.

सुटे करणे

मॉडेल सुटे करण्यापूर्वी त्याची सर्व बाजूंनी, विशेषतः खालून, छायाचित्रे काढून ठेवावीत. मोठ्या प्रमाणातली मॉडेले बहुतेक स्क्रूने जोडलेली असतात. लहान आणि स्वस्त मॉडेलांच्या पोटाशी मात्र रिव्हेट असतात. रिव्हेटच्या डोक्याच्या बरोबर मध्ये खुणेसाठी टोचा मारावा, आधी बारीक आणि मग सुमारे ३ मिलिमीटरच्या ड्रिलने फक्त डोके कापले जाईल इतकेच भोक पाडावे. जस्ताचा मिश्रधातू मऊ असल्याने ड्रिल एकदम आत घुसते. वेग कमी ठेवून हलका दाब द्यावा. पुढे जोडणी स्क्रूने करायची असेल, तर उरलेल्या खुंटीत १.६ मिलिमीटरचे भोक पाडून त्यात एम-२, म्हणजे २ मिलिमीटरच्या स्क्रूचे, आटे आताच पाडून घ्यावेत, कारण रंग दिल्यानंतर हे काम करताना हमखास ओरखडा पडतो. काचा, आसने, दिवे, बंपर हे प्लॅस्टिकचे भाग झाकणाच्या डब्यात वेगळे ठेवावेत. एकही प्लॅस्टिकचा तुकडा पुढच्या पायरीत बॉडीबरोबर जाता कामा नये.

जुना रंग उतरवणे

येथे सर्वांत जास्त मॉडेले बिघडतात. कॉस्टिक सोडा लोखंडावरचा रंग झकास काढतो, म्हणून तो वापरण्याचा सल्ला अनेकदा मिळतो. परंतु डाय-कास्ट मॉडेल लोखंडाचे नसते. ते झामाक या मिश्रधातूचे, म्हणजे मुख्यतः जस्त आणि त्यात सुमारे चार टक्के ॲल्युमिनियम असे असते, आणि हे दोन्ही धातू कॉस्टिकमध्ये विरघळून हायड्रोजन वायू सोडतात. माझे पहिले मॉडेल मी अशाच द्रावणात रात्रभर बुडवून ठेवले होते. सकाळी रंग गेला होता, पण त्याबरोबर छपरावर देवीच्या व्रणांसारखे खड्डेही पडले होते. व्हिनेगर आणि लिंबाचा रस यांनाही हीच हरकत आहे, फक्त त्यांचा वेग कमी.

हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा जेलीसारखा पेंट रिमूव्हर या कामासाठी योग्य आहे. काचेच्या बरणीत बॉडी ठेवून जुन्या ब्रशने त्याचा जाड थर द्यावा, झाकण सैल ठेवावे आणि पंधरा-वीस मिनिटांनी रंगाला सुरकुत्या पडून पोपडे सुटू लागले की जुन्या टूथब्रशने ते काढावेत. कोपऱ्यांत रंग उरल्यास पुन्हा एक हात द्यावा. टोकदार वस्तूने खरवडू नये. डब्यावरचे घटक अवश्य वाचावेत. मिथिलीन क्लोराइड असलेला रिमूव्हर झपाट्याने काम करतो, पण त्याची वाफ बंद खोलीत जीवघेणी ठरू शकते. अमेरिकेत २०१९ मध्ये घरगुती ग्राहकांना असे रिमूव्हर विकण्यावर बंदी आली ती याच कारणाने. काम उघड्या गच्चीत किंवा अंगणात करावे, चष्मा लावावा आणि दवाखान्यात मिळतात तसल्या पातळ हातमोज्यांवर विसंबू नये, कारण ही द्रावके त्यांतून काही मिनिटांत आरपार जातात. जाड, रसायनरोधक मोजे घ्यावेत. या सर्व पायऱ्यांत जवळपास निरांजन, उदबत्ती किंवा गॅस पेटलेला नसावा हे वेगळे सांगायला नको, तरी सांगतो.

रंग निघाल्यावर बॉडी गरम पाण्याने आणि भांडी घासण्याच्या साबणाने दोनदा धुवावी, लगेच कोरडी करावी आणि त्यानंतर तिला उघड्या बोटांनी स्पर्श करू नये.

अंगाची तयारी

उघड्या धातूवर साच्याच्या दोन अर्ध्यांची जोडरेघ दिसते. कारखान्यातल्या जाड रंगाखाली ती झाकलेली असते. बारीक कानशीने आणि मग ४०० व ६०० नंबरच्या पाण्याच्या पॉलिश पेपरने ती सपाट करावी. खड्डा असल्यास गॅरेजवाले ज्याला लांबी म्हणतात ती पुट्टी अगदी थोडी भरावी, पूर्ण वाळू द्यावी आणि घासून टाकावी. दारांच्या फटी उथळ वाटल्या, तर कटरच्या पात्याची उलटी कड त्यांतून दोन-तीनदा ओढून त्या किंचित खोल कराव्यात. हे पाच मिनिटांचे काम आहे, आणि शेवटी मॉडेल पाहणाऱ्याला ते काय आहे हे कळत नसले तरी दिसते नक्की.

अस्तर वगळून चालत नाही. तेलयुक्त इनॅमल रंग थेट जस्तावर दिला, तर जस्त त्यातल्या स्निग्ध आम्लांशी संयोग पावून रंगाखाली साबणासारखा थर तयार करते आणि काही महिन्यांत रंग पापुद्र्यांनी सुटतो. त्यामुळे धातूला धरणारा एच (etch) प्रायमर किंवा इपॉक्सी प्रायमर घ्यावा आणि त्याचे दोन विरळ हात द्यावेत. पहिल्या हातात धातू थोडा दिसत राहिला पाहिजे. वाळल्यावर १००० नंबरच्या पेपरने ओलसर, हलकेच घासावे. उंचवट्यांच्या कडांवर मात्र पेपर फिरवू नये, कारण तिथे थर सर्वांत पातळ असतो आणि धातू पुन्हा उघडा पडतो.

हवा, आणि मग रंग

मुंबईत किंवा कोकणात जुलै महिन्यात रंगकाम काढू नये. स्प्रेमधले द्रावक भराभर उडते, तेव्हा पृष्ठभाग थंड होतो आणि दमट हवेतली वाफ ओल्या रंगावर जमते. काळ्या रंगावर मग दुधाळ झाक उतरते. अशी झाक आलीच, तर कोरड्या दिवशी त्याच रंगाचा अगदी विरळ हात देऊन ती बहुधा घालवता येते. दिवाळीनंतरचे कोरडे, फार गार नसलेले दिवस उत्तम. तेव्हाही सकाळचे दव ओसरल्यानंतरच सुरुवात करावी. धूळ बसवण्यासाठी जमिनीवर पाण्याचा हलका शिडकावा मारावा.

कोणता रंग कोणावर चालतो हे एकदा पक्के करून घ्यावे. गॅरेजवाले ज्याला अजूनही ड्यूको म्हणतात तो नायट्रोसेल्युलोज लॅकर आणि बहुतेक ॲक्रिलिक स्प्रे यांच्यातली द्रावके तीव्र असतात. इनॅमलवर असा लॅकर दिला की खालचा रंग उचलला जाऊन मगरीच्या कातड्यासारखा सुरकुततो. उलट क्रम, म्हणजे पूर्ण वाळलेल्या लॅकरवर इनॅमल, चालतो. नवशिक्याने अस्तरापासून वरच्या क्लिअरपर्यंत, म्हणजे पारदर्शक थरापर्यंत, एकाच मालिकेचे डबे घेतले, तर हा प्रश्नच उरत नाही.

आता क्रम : आधी पिवळा, मग काळा. पिवळा रंग झाकायला कमजोर असतो. करड्या अस्तरावर तो हिरवट दिसतो आणि तो झाकण्यासाठी हातांवर हात देत गेले की जाडी वाढते. म्हणून फक्त छपरावर पांढऱ्या अस्तराचा एक हात द्यावा आणि त्यावर पिवळ्याचे तीन विरळ हात द्यावेत. काळा रंग दोन हातांत कशावरही बसतो.

बॉडीच्या आतल्या बाजूला दुहेरी चिकटपट्टीने औषधाच्या बाटलीचे बूच किंवा लाकडी दांडी चिकटवली की मॉडेल हातात धरून फिरवता येते. डबा निदान दोन मिनिटे हलवावा. थंडीत तो कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवल्यास फवारा बारीक येतो. उकळत्या पाण्यात किंवा आचेजवळ तो कधीही नेऊ नये. अंतर २० ते २५ सेंटिमीटर ठेवावे, फवारा मॉडेलच्या अलीकडे सुरू करून पलीकडे थांबवावा आणि मॉडेलवर असताना बटण दाबू किंवा सोडू नये, कारण थेंब त्याच क्षणी पडतात. पहिला हात नुसता शिंतोड्यांसारखा दिसला पाहिजे. दहा-पंधरा मिनिटांनी दुसरा, आणि शेवटचा हात तेवढा ओलसर. ओघळ आलाच, तर बोटाने किंवा कापडाने पुसण्याचा मोह आवरावा. दोन दिवसांनी तो १५०० नंबरच्या पेपरने पाण्यात घासून काढता येतो. प्रत्येक सत्रानंतर मॉडेलवर पुठ्ठ्याचे खोके पालथे घालावे.

सीमारेषा

पिवळा रंग किमान दोन दिवस वाळू द्यावा. वास येत असेल, तर तो अजून वाळलेला नाही. नंतर कमी चिकट मास्किंग टेप काचेवर चिकटवून तिची कारखान्यातली कड कटरने कापून टाकावी, कारण त्या कडेला धूळ आणि तंतू चिकटलेले असतात. छपराच्या कडेने जाणारी पावसाच्या पाण्याची पन्हळ मॉडेलवरही कोरलेली असते. टेपची नवी कड तिच्या रेषेत बसवून टूथपिकने घट्ट दाबावी. खिडक्यांच्या खांबांवर पिवळा कुठवर उतरतो, हे जुने छायाचित्र समोर ठेवूनच ठरवावे, आठवणीवर सोडू नये.

यानंतरची युक्ती बहुतेक जण गाळतात : काळा देण्यापूर्वी टेपच्या कडेवरून पिवळ्याचाच एक पुसट हात फिरवावा. टेपखाली शिरायचे असेल ते पिवळेच शिरते, फट बंद होते आणि काळ्याला वाट उरत नाही. मग काळ्याचे दोन हात द्यावेत आणि अर्ध्या तासाच्या आत, रंग स्पर्शाला कोरडा पण अजून मऊ असताना, टेप स्वतःवरच दुमडत सावकाश सोलावी. दुसऱ्या दिवसापर्यंत थांबले की काळ्याची कड टेपबरोबर दाताळ तुटते.

शेवटचे तपशील

नंबरपाट्यांसाठी पाण्याने सुटणारा डेकल कागद, म्हणजे छापून चिकटवायचा कागद, मिळतो. टॅक्सीची पाटी पिवळी आणि अक्षरे काळी असतात. घरचा प्रिंटर पांढरी शाई छापत नाही, म्हणून पारदर्शक कागदावर छापलेली पिवळी पाटी काळ्या बंपरजवळ लावली की नाहीशी होते. यासाठी पांढऱ्या पार्श्वभूमीचाच कागद घ्यावा. ५०० × १२० मिलिमीटरची खरी पाटी १:४३ प्रमाणात सुमारे ११.६ × २.८ मिलिमीटर होते. इंकजेटवर छापले असल्यास पाण्यात टाकण्यापूर्वी क्लिअरचे दोन हात द्यावेत, नाहीतर शाई विरघळते. पाट्या बसल्यावर संपूर्ण बॉडीवर क्लिअरचा एकच पातळ हात पुरे. हार्डनर मिसळायचे टू-के क्लिअर घरी वापरू नये. त्यातल्या आयसोसायनेट या विषारी रसायनांसाठी साधा मास्क पुरत नाही. रोज धंद्यावर जाणाऱ्या टॅक्सीला तशीही आरशासारखी चकाकी नव्हती.

जोडणी करण्यापूर्वी आठवडाभर थांबावे. काचा बसवताना सुपर ग्लू वापरल्यास त्याच्या वाफेने पारदर्शक प्लॅस्टिक आतून धुरकट होते आणि ते पुसता येत नाही. पांढरा फेविकॉल वापरावा, तो वाळल्यावर पारदर्शक होतो. स्क्रू बेताने आवळावेत, आटे मऊ धातूत आहेत. मूळ मॉडेलवर नसणारी एकच गोष्ट मी वेगळी करून लावतो, ती म्हणजे बॉनेटच्या डाव्या अंगाला बाहेर असणारे जुने यांत्रिक मीटर. प्लॅस्टिकच्या काडीचा दोन मिलिमीटरचा चौकोनी तुकडा काळा रंगवून, त्याला क्लिअर वाळल्यावर टाचणीच्या टोकाएवढ्या गोंदाने चिकटवले की झाले.