दूध बाधतं? सोडू नका, आधी आपलं माप काढा

सातारा-सांगलीकडे कुणाला दूध सोसत नाही म्हटलं की सल्ले सुरू होतात. म्हशीचं सोडा, गाईचं घ्या. देशी गाईचं घ्या. शेळीचं घ्या. साय काढा, हळद घालून उकळा. यातला एकही कामाचा नाही. त्रास देते ती दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज. गाय, म्हैस, शेळी, कुणाचंही दूध घ्या, १०० मिलिलिटरमध्ये ती साडेचार ते पाच ग्रॅमच्या आसपास असतेच. उकळून जात नाही, साय काढून कमी होत नाही. ती फोडायला लहान आतड्यात लॅक्टेज नावाचं विकर असतं. अनेकांमध्ये ते वयाबरोबर कमी होत जातं. मग न पचलेली साखर मोठ्या आतड्यात उतरते, तिथले जिवाणू ती आंबवतात आणि पोट फुगतं, गुरगुरतं, मुरडा येऊन पातळ होतं.

दूध घेतल्यावर अंगावर गांधी उठत असतील, ओठ सुजत असतील, धाप लागत असेल तर ती ॲलर्जी आहे. त्या माणसाने पुढची एकही पायरी घरी करू नये. शौचातून रक्त, घटणारं वजन किंवा झोपेतून उठवणारे जुलाब असतील तरी आधी डॉक्टर. तान्ह्या बाळाचं अंगावरचं दूध तर स्वतःच्या मनाने कधीच तोडू नका.

दोन आठवडे दूध आणि दुधाचं सगळं बंद ठेवा. चहा कोरा. बिस्किटं, ब्रेड, तयार सूप यांच्या पाकिटावर दूध पावडर किंवा व्हे (दूध फाटल्यावर सुटणारं पाणी) लिहिलंय का बघा. तूप चालतं, त्यात लॅक्टोज नसल्यातच जमा असतं. एवढं करूनही पोट तसंच राहिलं तर दोष दुधाचा नाही, कारण दुसरीकडे शोधावं लागेल.

खरी कसोटी यापुढे आहे, आणि माझाही सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला. बरं वाटायला लागलं की माणसं एकतर कायमचं दूध टाकतात, नाहीतर एकदम पेलाभर पिऊन ‘बघा, होतोच त्रास’ म्हणतात. दोन्ही चूक. लॅक्टेज कमी असलेल्या बहुतेकांना एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत लॅक्टोज, म्हणजे साधारण एक कप दूध, फारशी तक्रार न होता पचतं, त्यातही जेवणासोबत घेतलं तर. तुमचा आकडा यापेक्षा कमी असेल किंवा जास्त, तो तुमचा तुम्हालाच काढावा लागतो.

औषधाच्या बाटलीवरचं मापाचं झाकण घ्या, अंदाजाने ओतू नका. दुपारच्या भाकरी-भाजीनंतर ५० मिलिलिटर साधं दूध. दोन-तीन दिवस तेवढंच. पोट शांत राहिलं तर १०० वर जा, मग १५०, मग २००. त्रास झाला की एक पायरी खाली या, ते तुमचं माप. किती घेतलं, किती वाजता घेतलं, काय झालं, हे वहीत लिहा. चार दिवसांनी आठवत नाही.

या दिवसांत बाहेरचं खाऊ नका, हे मी हट्टाने सांगते. सकाळी मिसळ चापली, दुपारी दूध घेतलं आणि पोट बिघडलं, तर काय समजायचं? हरभरा, राजमा, कांदाही गॅस करतात. उपाशीपोटी माप काढू नका, तो आकडा खोटाच कमी येतो. एका वेळी एकच पदार्थ तपासा. दही आणि दूध एकाच दिवशी नको. आणि चहा हिशोबात धरा. कपात ५० मिलिलिटर दूध असेल तर दिवसाचे सहा चहा म्हणजे ३०० मिलिलिटर झालं की!

माप कळलं की बाकीचं सोपं. घरी विरजलेलं, चांगलं आंबट झालेलं दही आणि त्याचं ताक बहुतेकांना सोसतं, कारण विरजणातले जिवाणू लॅक्टोजचा काही भाग आधीच संपवतात आणि उरलेला पोटात फोडायलाही मदत करतात. पनीरमधलं बरंचसं पाण्याबरोबर निघून जातं. खव्याचं मात्र उलटं. पाच लिटर दुधाचा जेमतेम किलोभर खवा होतो आणि सगळं लॅक्टोज त्यातच राहतं. म्हणून साताऱ्याचा कंदी पेढा एकच, तोही जेवणानंतर. लग्नातल्या बासुंदीच्या आग्रहाला सरळ नाही म्हणा. अगदीच खायची असेल तर लॅक्टेजची गोळी पहिल्या घासाबरोबर घ्या, नंतर घेऊन फारसा उपयोग नाही. लॅक्टोजमुक्त दूध गोड लागतं, पण त्यात वरून साखर घातलेली नसते, आहे तीच फोडलेली असते. मधुमेह असणाऱ्यांनी ती साखर म्हणूनच धरावी.

कॅल्शियमसाठी नाचणी आणि तीळ आपल्या घरात असतातच. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, पण ते सगळं अंगी लागत नाही. म्हणून नाचणीच्या भरवशावर दही सोडू नका, सोसत असेल तर रोज वाटीभर घ्याच.