क्लोरपायरीफॉसची बातमी वाचली ना? मग पऱ्हाटीवर पंप चढवायच्या आधी हे पण वाचा

पोळा झाला, पऱ्हाटी (कपाशी) पात्या-फुलांवर आली, नागपूरच्या सावनेर-काटोल-हिंगण्याकडे जिकडे पाहाल तिकडे पाठीवर पंप. आणि नेमकी याच वेळी क्लोरपायरीफॉस या कीटकनाशकावर जगात बंदी आली ही बातमी व्हॉट्सॲपवर फिरून फिरून येते आहे. शेतकरी भाऊ विचारतात डबा वापरायचा का नाही, दुकानदार तर म्हणतो काही होत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बातमी खरी आहे. मे 2025 ला जिनिव्हात स्टॉकहोम कराराची (लवकर न संपणाऱ्या विषारी रसायनांवरचा जागतिक करार) बैठक झाली, त्यात क्लोरपायरीफॉस जगातून बंद करायच्या रसायनांच्या यादीत गेलं, फक्त काही वापरांना मुदतीची सूट ठेवली आहे. एक तर हे औषध वाऱ्या-पाण्यासोबत लांब लांब जातं, पार उत्तर ध्रुवाकडच्या बर्फात सापडलं जिथे कोणी शेती करत नाही. दुसरं म्हणजे पोटातल्या बाळाच्या मेंदूवर होणारा परिणाम. युरोपनं तर 2020 लाच बंद केलं. पण यादीत नाव गेलं म्हणून उद्या आपल्या कृषी केंद्रातून डबे उठतील असं नाही, भारताला तो बदल वेगळा मान्य करावा लागतो. तोवर सांभाळायचं आपल्यालाच आहे.

मेंदूचं काय ते नीट समजून घ्या. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी बाळाच्या नाळेतल्या रक्तात हे औषध किती आहे ते मोजलं, आणि तीच पोरं 7 वर्षांची झाल्यावर तपासली तर ज्यांच्या रक्तात जास्त होतं त्यांचा बुद्ध्यांक कमी आणि लक्षात ठेवायची ताकद पण कमी निघाली. 2011 ला ते छापून आलं. आता अशा अभ्यासातून संबंध दिसतो, कारण शंभर टक्के सिद्ध होत नाही, हा आक्षेप घेतला जातो आणि तो अगदीच चूक नाही. पण त्या पोरांच्या आया शेतात फवारत नव्हत्या हो! त्या शहरात राहत होत्या, तिथे घरात झुरळं मारायला हे औषध वापरलं जायचं, तेवढंच. आपल्याकडे बाईमाणूस फवारणीचं पाणी भरून देते, दुसऱ्या दिवशी त्याच वावरात निंदायला जाते, आणि संध्याकाळी ते ओले कपडे हातानं धुते. घरात गरोदर किंवा अंगावर पाजणारी बाई असेल तर तिला या तिन्ही कामांपासून लांब ठेवा, यात मला काही मधला मार्ग दिसत नाही.

आणि क्लोरपायरीफॉस नको म्हणून दुकानदारानं प्रोफेनोफॉस किंवा क्विनॉलफॉस हातात दिलं तर ते आगीतून फुफाट्यात आहे. सगळे एकाच कुळातले, नसांचं काम बिघडवण्याची पद्धत एकच. 2017 ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना 20 च्या वर माणसं गेली ते आपण विसरलो नाही, तेव्हा पण पऱ्हाटी डोक्याएवढी वाढलेली, हवा दमट, आणि टाकीत दोन-तीन औषधं एकत्र. टॉनिक, विद्राव्य खत, अळीचं, रसशोषक किडीचं सगळं एका टाकीत ढकलायची सवय अजून गेलेली नाही, ती यंदा तरी सोडा.

बहुतेकांना वाटतं तोंडाला रुमाल बांधला की झालं. तसं नाही, फवारणाऱ्याच्या अंगात विष मुख्यतः कातडीतून जातं आणि घामानं भिजलेल्या कातडीतून जास्त. सगळ्यात धोक्याची वेळ म्हणजे फवारणी पण नाही, औषध कालवायची. हिशोब करून पाहा, 20 टक्क्यांच्या डब्यातलं 25 मिली औषध 10 लिटर पाण्यात गेलं तर डब्यातला एक थेंब टाकीतल्या 400 थेंबांएवढा कडक झाला. आणि आपण काय करतो, झाकणानं मोजतो, ते बोटांवरून ओघळतं, मग त्याच हातानं बादलीत ढवळतो आणि तोच हात चड्डीला पुसून तंबाखूचा खर्रा काढतो. रबरी हातमोजे घाला, कापडाचे नको, ते औषध पितात आणि हाताला चिकटून राहतात. ढवळायला काडी घ्या. टाकी गळकी असेल तर पाठ अख्खी भिजते, आधी वायसर बदला. नळी पुढे धरून फवारलेल्या ओळीत चालत गेलं की ओली पानं मांड्यांना घासतात, म्हणून वारा पाहून कोरड्या बाजूनं सरका, आणि दुपारच्या उन्हात तर पंप उचलूच नका. कपडे घरच्या कपड्यांत मिसळायचे नाही, ज्यानं फवारलं त्यानंच मोजे घालून वेगळे धुवावे.

खरं तर बरीच फवारणी गरज नसताना होते, शेजाऱ्यानं मारली म्हणून आपण मारतो. गुलाबी बोंडअळीसाठी एकरी 2 कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) लावा, एका सापळ्यात रोज 8 पतंग असे सलग 3 रात्री सापडले तरच विचार करा. सोबत वावरातल्या वेगवेगळ्या जागची 20 हिरवी बोंडं फोडा. वरून बोंड साफ दिसतं, अळी आत सरकीत असते, म्हणून फोडल्याशिवाय कळतच नाही. 2 बोंडांत जिवंत अळी दिसली म्हणजे 10 टक्के नुकसान, तिथून फवारणीची पातळी सुरू. त्याच्या आत असेल तर डोमकळ्या (अळीमुळे न उमललेली, मिटलेली फुलं) तोडून नष्ट करा आणि 5 टक्के निंबोळी अर्क मारा: 5 किलो निंबोळीचा भरडा रात्रभर पाण्यात, सकाळी गाळून 200 ग्रॅम साबणासोबत 100 लिटर करायचं. अर्कानं मित्रकिडी (पिकाच्या किडी खाणाऱ्या) वाचतात, आणि त्या वाचल्या की पांढरी माशी पण आटोक्यात राहते. त्यावरही भागलं नाही तर नागपूरला वर्धा रोडवरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचा किंवा कृषी सहायकाचा सल्ला घ्या, आणि डब्यावरचा, औषध किती विषारी ते सांगणारा रंगीत त्रिकोण पाहा, लाल आणि पिवळा टाळून निळा-हिरवा मागा.

फवारणीत किंवा नंतर डोळ्यातून-तोंडातून पाणी सुटलं, मळमळ, खूप घाम, डोळ्याची बाहुली बारीक, छाती दाटली, अंग फडफडलं, तर ऊन लागलं म्हणून झोपवून ठेवू नका. कपडे काढा, साबणानं अंग धुवा, दूध-तूप पाजू नका, उलटी करवू नका. 108 लावा, नाहीतर जी गाडी मिळेल तिनं जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या, पुढे लागलं तर ते नागपूरच्या मेडिकल नाही तर मेयो या सरकारी दवाखान्यात पाठवतील. यावर ॲट्रोपिन नावाचं इंजेक्शन असतं आणि ते लवकर मिळावं लागतं. जाताना औषधाचा डबा लेबलासकट पिशवीत घालून न्या, दोन औषधं मिसळली असतील तर दोन्ही डबे, आणि शेवटचं कधी फवारलं ते डॉक्टरला सांगा.