अपघात भरपाईच्या कायद्यातली ‘सुधारणा’ कशी तपासावी

मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती येणार म्हटलं की चर्चा होते ती दंडाची. भरपाईची कलमं कुणी वाचत नाही. ती वाचण्याआधी एक हिशेब कागदावर मांडून घ्या.

३४ वर्षांचा प्लंबर, महिना कमाई २०,००० रुपये. मागे बायको, दोन मुलं आणि आई. ट्रकच्या धडकेत तो गेला, चूक ट्रकचालकाची. स्वतःचा व्यवसाय आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून भावी वाढीचे ४० टक्के धरा: २८,०००. अवलंबित चार, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा: २१,०००. वर्षाचे २,५२,०००. वर्षाच्या रकमेला वयानुसार ठरलेल्या आकड्याने, म्हणजे गुणकाने, गुणायचं; ३१ ते ३५ वयाला तो १६. झाले ४०,३२,०००, अंत्यविधी वगैरेंच्या ठरावीक रकमा वेगळ्या. सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) निकालांतून ही पद्धत पक्की झाली.

आता या आकड्यावर दुरुस्ती लावून पाहा. २०१६ च्या विधेयकात थर्ड पार्टी विमा कंपनीची जबाबदारी मृत्यूसाठी १० लाखांवर थांबवली होती. उरलेले ३०,३२,००० ट्रकमालकाकडून वसूल करायचे. कर्जावर एकच ट्रक घेतलेल्या माणसाकडून ते कसे निघणार? २०१९ च्या कायद्यात ही मर्यादा आली नाही, हे फार बरं झालं. विमा कंपन्यांची तक्रार खोटी नाही: हप्ता सरकार ठरवणार आणि जबाबदारी मात्र अमर्याद. पण त्यावर उपाय हप्त्यात शोधायला हवा. हप्ता वाढला की वाहतूकदारांच्या संघटना उभ्या राहतात. अपघातात विधवा झालेल्या बाईची संघटना नसते, म्हणून कात्री तिच्या भरपाईला लागते.

कलम १६४ नीट वाचा. चूक सिद्ध न करता मृत्यूला ५ लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळतात. मात्र विमा कंपनीशी कलम १४९ खाली होणाऱ्या तडजोडीत ते स्वीकारले की मोटार अपघात दावे न्यायाधिकरणातला दावा संपतो. वरच्या प्लंबरच्या घरच्यांनी ५ लाखांवर केलेली सही म्हणजे ३५ लाखांवर पाणी. दुःखाच्या पहिल्या महिन्यात पुढे येणाऱ्या कागदावर हिशेब मांडल्याशिवाय सही करू नका.

मुदतही तपासा. १९९४ पासून दाव्याला मुदत नव्हती. २०१९ च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची आणली, ती १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. तिला न्यायालयात आव्हान दिलं गेलंय, पण त्यावर विसंबून थांबू नका.

दावे लंगडे पडतात ते बहुतेकदा कमाईच्या पुराव्यावर. वरच्या हिशेबात महिन्याचे १,००० कमी धरले गेले, तर भरपाईतून २,०१,६०० जातात. बँकेच्या नोंदी, यूपीआयचे व्यवहार, हार्डवेअरच्या दुकानातली खात्याची वही, गिऱ्हाइकांना दिलेली बिलं पहिल्याच आठवड्यात गोळा करा.