दुभाषी व्हायचंय? आधी ‘हो’ ओळखायला शिका

कर्णबधिरांच्या सांकेतिक भाषेची दुभाषी म्हणून काम करते हे कळलं की कोर्स किती वर्षांचा, काम मिळतं का, असं हमखास विचारतात. बारावीनंतर दोन वर्षांची पदविका आहे, भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेली. मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत आहे, दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्रात आहे. काम भरपूर आहे, माणसं कमी आहेत. कोर्सबद्दल एवढं पुरे.

मला जे शिकायला वेळ लागला ते हे की, समोरच्याचा प्रत्येक ‘हो’ खरा नसतो.

पहिल्याच वर्षी एका दवाखान्यात गेले होते. पेशंट बावीस वर्षांचा मुलगा, सोबत आई. डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, “याला सांगा, रात्रीची गोळी चुकवायची नाही.” मी सांगत गेले, तो प्रत्येक वाक्याला मान डोलवत गेला. मला वाटलं, छान चाललंय. बाहेर आल्यावर सहज विचारलं, “गोळी कधी घ्यायची?” तो माझा चेहरा न्याहाळत राहिला. बरोबर उत्तर माझ्या भुवयांवर लिहिलेलं असावं तसा. त्याला काहीच कळलं नव्हतं. मी फार भराभर हात चालवले होते, आणि माझ्या कितीतरी खुणा त्याच्या शाळेतल्या खुणांपेक्षा वेगळ्या होत्या. मग आत का नाही विचारलंस? तो म्हणाला, “परत विचारलं की लोक वैतागतात. मला ढ समजतात.”

ही मान एका दिवसात डोलायला लागत नाही. बहुतेक कर्णबधिर मुलांचे आईवडील ऐकणारे असतात आणि घरात कुणाला खुणा येत नाहीत. ताटावर बसलेली सगळी हसतात, मूल आईचा पदर ओढून विचारतं, काय झालं? आई म्हणते, “काही नाही, नंतर सांगते.” ते ‘नंतर’ कधीच येत नाही. वाईट हेतू कुणाचाच नसतो. पण वर्षानुवर्षं हे ऐकलेलं, म्हणजे पाहिलेलं मूल हळूहळू ठरवतं की कमी आपल्यातच आहे. दवाखान्यातल्या त्या मुलाला गावात नावानं कुणीच हाक मारत नव्हतं. ‘मुका’ म्हणत. २०१६चा दिव्यांग हक्क कायदा कर्णबधिर कुणाला म्हणायचं ते डेसिबलमध्ये सांगतो, दोन्ही कानांत ७० डेसिबलचा श्रवणऱ्हास. बोलता येण्याबद्दल किंवा बुद्धीबद्दल त्या व्याख्येत अक्षरही नाही.

आणि हे फक्त घरातून आलेलं नाही. १८८०मध्ये मिलान शहरात कर्णबधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली, तिथे जवळपास सगळेच ऐकणारे होते. त्यांनी ठराव केला की शाळांतून खुणा बंद, मुलांना बोलायलाच शिकवायचं. त्याबद्दल खेद व्यक्त व्हायला २०१० साल उजाडलं, व्हँकुव्हरच्या परिषदेत. मधल्या १३० वर्षांत जगभर किती मुलांच्या हातांवर पट्ट्या बसल्या असतील! आपल्याकडेही लोकलच्या डब्यात मांडीवरच्या पिशवीआड, अगदी छोट्या हालचालींत बोलणाऱ्या मुली मी पाहते. कानातल्या श्रवणयंत्रावर केस ओढून घेतलेले असतात. त्याच मुली संध्याकाळी फलाटावर मित्रमैत्रिणींच्या घोळक्यात पोचल्या की हात खांद्यापर्यंत उघडतात.

म्हणूनच कर्णबधिरपणाला दोष देऊ नका. माझ्या ओळखीची एक मुलगी आहे, तिचे आईवडीलही कर्णबधिर. तिने माझ्यासमोर खोटी मान एकदाही डोलावली नाही. माझी खूण चुकली की सरळ हात धरायची, “चूक. परत.” तिच्या घरात ‘नंतर सांगते’ कधी नव्हतंच.

तेव्हा कामाचं सांगते. “समजलं का?” असं विचारू नका, त्याला ‘हो’च येणार. “आता घरी जाऊन काय करणार?” असं विचारा. डॉक्टर किंवा साहेब “याला सांगा” म्हणाले तर नम्रपणे सांगा, त्याच्याशीच बोला, मी इथे आहे. त्याच्या वतीने उत्तर देऊ नका, कितीही घाई असली तरी. मी दिलंय, आणि त्याचा पडलेला चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. खोलीत कुणी फोनवर बोललं, कुणी विनोद केला, तेही सांगा. काय महत्त्वाचं ते त्याला ठरवू द्या.

त्या मुलाच्या पुढच्या तारखेला मी पुन्हा गेले. बाकावर बसलो असताना आईने हळूच विचारलं, “ताई, फणस कसा दाखवतात हो? काल घरात फणसावरून सगळी हसली, याला सांगायचं राहिलं.” मी खूण दाखवली. तिने मुलाकडे वळून, जरा लाजत, तशीच केली. त्याने मान डोलावली नाही. तिचे दोन्ही हात धरले, बोटं नीट केली, मग माझ्याकडे बघून म्हणाला, “आमच्या शाळेत अशी करतात.”