घुमणाऱ्या वर्गाची मे महिन्यातली तयारी

सोलापुरातल्या जुन्या शाळांचे वर्ग बहुधा एकाच धाटणीचे असतात. खाली शहाबादी फरशी, भोवती गुळगुळीत गिलावा आणि वर स्लॅब किंवा पत्रा. यातला एकही पृष्ठभाग आवाज फारसा शोषत नाही, त्यामुळे आधीचा शब्द विरण्यापूर्वीच पुढचा शब्द त्यावर येऊन पडतो. शाळा जूनच्या मध्यावर उघडत असल्याने प्रत्यक्ष काम मेच्या सुट्टीत होईल, पण तयारीला मुले वर्गात असतानाच, एप्रिलमध्ये लागावे.

खर्चाचा विचार करण्यापूर्वी शेवटच्या बाकावर काय ऐकू जाते, हे तपासून घ्यावे. शिक्षकांनी ओठ दिसू नयेत म्हणून हजेरीपट तोंडासमोर धरावा, नेहमीच्या आवाजात तीन-तीन सुटे शब्द सलग उच्चारावेत आणि मुलांनी ते लिहावेत. शब्द ताट–थाट, पार–फार, गार–घार, कार–खार अशा जोड्यांतून निवडावेत. वाक्यात हे शब्द अर्थावरून कळतात. सुटे असले की केवळ व्यंजनावरून ओळखावे लागतात, आणि मागच्या स्वराचा रेंगाळणारा नाद नेमके ते व्यंजनच झाकून टाकतो. ज्यांच्या घरी तेलुगू किंवा कन्नड बोलली जाते, त्या मुलांना निसटलेला भाग अंदाजाने भरून काढणे अधिक जड जाते. म्हणून त्यांच्या वह्या निराळ्या काढून पाहाव्यात आणि चुकांचा आकडा तारखेसह लिहून ठेवावा.

त्यानंतर टेप घेऊन वर्ग मोजावा. हार्वर्ड विद्यापीठातील वॉलेस सबाइन यांनी १८९५ पासून एका घुमणाऱ्या व्याख्यानगृहात, नाट्यगृहातल्या बैठकींच्या गाद्या रात्री आणून व पुन्हा उचलून, प्रयोग केले. त्यांतून निघालेले सूत्र आजही वापरात आहे: घनमीटरमधील घनफळाला ०.१६१ ने गुणून एकूण शोषणाने (प्रत्येक पृष्ठभागाचे क्षेत्रफळ गुणिले त्याचा शोषणांक, म्हणजे पडलेल्या आवाजाचा जितका हिस्सा तो शोषतो तो आकडा, यांच्या बेरजेने) भागले की आवाज ६० डेसिबलने उतरण्यास किती सेकंद लागतात, ते कळते. ७.५ मीटर लांब, ६ मीटर रुंद व ३.३ मीटर उंच वर्गाचे घनफळ सुमारे १४८ घनमीटर होते, आणि ०.६ सेकंदाचे उद्दिष्ट धरल्यास सुमारे ४० चौरस मीटर शोषण लागते. फरशी, भिंती, बाके मिळून ढोबळमानाने १० आणि ४० मुलांचे १४ धरले, तर १६ कमी पडतात, म्हणजे ०.८ शोषणांकाचे, आवाज शोषणारे २० चौरस मीटर पॅनेल मागवावे लागेल. अमेरिकी मानक हे ०.६ सेकंद रिकाम्या वर्गासाठी मागते, पण आपल्याकडे भरल्या वर्गात तेवढे साधले तरी मोठी मजल म्हणावी लागेल.

पॅनेलमुळे रस्त्याचा किंवा शेजारच्या यंत्रमागाचा आवाज अडत नाही, हे शाळेच्या समितीला आधीच समजावून सांगावे. खिडक्या बंद ठेवणे सोलापूरच्या उन्हात शक्यच नाही. तेव्हा निदान खडखडणाऱ्या पंख्यांचे बेअरिंग बदलून घ्यावे आणि बाकांच्या पायांना रबराची टोपणे बसवावीत. इतक्या स्वस्तात दुसरे काहीच होत नाही.

साहित्य निवडताना आम्ही एकदा चांगलेच फसलो होतो. भिंतभर थर्मोकोल चिकटवला आणि वर्ग पूर्वीसारखाच घुमत राहिला, कारण त्याची छिद्रे बंद असतात आणि हवा आत शिरत नाही. शिवाय तो झटकन पेट घेतो, आणि उघड्या फोमबाबतही हीच भीती असते. ५० मिलिमीटर जाडीचे रॉकवूल (दगडाच्या तंतूंची लोकर) कापडात गुंडाळून लाकडी चौकटीत बसवणे अधिक भरवशाचे. त्यासाठी सोलापुरी चादर घ्यायची असल्यास आधी कापडाला तोंड लावून फुंकर मारून पाहावी. फुंकर आरपार गेली तर कापड चालेल, रेक्झिन मात्र नको. नुसत्या चादरी लावायच्या असतील तर रुंदीच्या दुप्पट कापड घेऊन चुण्या पाडाव्यात आणि भिंतीपासून दहा सेंटिमीटर अंतरावर टांगाव्यात. ताणून चिकटवलेली चादर शोभेपुरतीच उरते, आणि चुण्यांची चादरही खालच्या पट्टीचे आवाज फारसे शोषत नाही.

जागा ठरवताना आधी छताकडे पाहावे, कारण तिथे मुलांचे हात पोहोचत नाहीत. पत्र्याचे छत असल्यास त्याखालच्या थराने उन्हाची धग आणि पावसाचा ताडताड आवाजही कमी होतो. उरलेली पॅनेले मागच्या भिंतीवर लावावीत. फळ्यालगतची भिंत आणि छताचा पुढचा भाग मात्र कडकच राहू द्यावा, कारण तिथून परतणारा आवाज शिक्षकांना मदतच करतो. छत गळत असेल तर दुरुस्ती आधी उरकावी. विजेच्या बोर्डाभोवती हातभर जागा मोकळी सोडावी आणि रंगाऱ्याला पॅनेलवर ब्रश फिरवू नये, असे बजावून ठेवावे.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात, सर्व पंखे चालू ठेवून, त्याच जोड्या वेगळ्या क्रमाने पुन्हा वाचाव्यात आणि एप्रिलच्या वह्या शेजारी ठेवूनच ठेकेदाराचे शेवटचे बिल चुकते करावे.