मोत माउलीच्या सणाला जाताय? मग हे वाचून जा

बांद्र्याच्या मोत माउलीची, म्हणजे माउंट मेरी चर्चमधल्या मरियामातेची जत्रा नुसती गर्दी नि खाजा नाही हो, ८ सप्टेंबर हा मरियामातेचा जन्मदिवस, ८ डिसेंबरच्या, म्हणजे ती आईच्या पोटात आली त्या गर्भधारणेच्या सणापासून बरोब्बर नऊ महिने. सूर्य उगवायच्या आधी पहाट होते ना, तशी येशूच्या आधी ती आली, सणाचा खरा अर्थ हाच. म्हणून आधीचे नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे रोजची खास प्रार्थना करा, जमत नसेल तर लोकलमध्ये बसल्या बसल्या एक "नमो मरिया" ही तिची छोटी प्रार्थना तरी म्हणा पण मनापासून. वर स्टॉलवर मेणाचे हात, पाय, घर मिळतं, आपलं जे दुखतंय ते घ्या, पण वाहताना घाई नको, मागणं सांगून झालं की ती देवदूताला म्हणाली तसं "तुझ्या शब्दाप्रमाणे मला होवो" म्हणा, मला तरी हेच सगळ्यात कठीण जातं.