नवी गाडी घेताना क्रेडिट कार्डाचे रिवॉर्ड पॉइंट्स खरोखर पदरात कसे पाडावेत

मोटारीच्या शोरूममध्ये कॅशिअरच्या काचेवर चिकटवलेला एक छापील कागद बहुतेकांनी पाहिलेला असतो: ‘क्रेडिट कार्डाने पैसे भरल्यास दोन टक्के जादा आकारले जातील.’ गाडी घ्यायला आलेला माणूस तोवर रंग, मॉडेल, हप्ता आणि मुहूर्त यांत इतका गुंतलेला असतो, की तो एकतर कार्ड मुकाट्याने पाकिटात परत ठेवतो, नाहीतर ‘जाऊ द्या, पॉइंट्स तर मिळतील’ असे म्हणून ते दोन टक्के भरून टाकतो. दोन्ही वेळा हिशेब झालेला नसतो. वास्तविक हा हिशेब घरी बसून दहा मिनिटांत होतो आणि त्यातून काही हजार रुपये सुटू शकतात. मात्र तो बुकिंगच्या आधी करावा लागतो, कारण डिलिव्हरीच्या दिवशी हार-नारळ-पेढ्यांच्या गडबडीत कोणीही आकडेमोड करत नाही.

प्रथम त्या कागदामागचे कारण समजून घ्यावे. दुकानदार कार्डाने पैसे घेतो तेव्हा त्या रकमेतील काही भाग बँक आणि कार्ड कंपनी कापून घेतात. क्रेडिट कार्डावर ही कपात साधारणपणे दीड ते दोन टक्क्यांच्या आसपास असते आणि त्या कपातीवर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो. दोन लाख रुपयांवर १.८ टक्के कपात धरली, तर कर मिळवून विक्रेत्याचे ४,२४८ रुपये जातात. नव्या गाडीवर विक्रेत्याला सुटणारा नफा मुळातच थोडक्या टक्क्यांचा असतो आणि त्यातूनच तो ग्राहकाला सूट देत असतो, त्यामुळे एवढी रक्कम सोडायला तो नाखूश असतो. डेबिट कार्डाची गोष्ट वेगळी आहे. रिझर्व्ह बँकेने २०१८ पासून मोठ्या व्यापाऱ्यांसाठी डेबिट कार्डावरील ही कपात एका व्यवहाराला जास्तीत जास्त १,००० रुपये अशी बांधून दिली आहे, आणि रुपे डेबिट कार्डावर तर २०२० पासून ती शून्य आहे. म्हणूनच तेच शोरूम डेबिट कार्डाला हसतमुखाने ‘चालेल’ म्हणते आणि क्रेडिट कार्ड दिसले की मॅनेजरला विचारायला आत जाते.

पहिली पायरी म्हणजे कोटेशन सुटे करणे. ऑन-रोड किंमत हा एकच आकडा नसून ती एक मोट असते. एक्स-शोरूम किंमत, आरटीओचा कर, विमा, फास्टॅग, नोंदणीचा खर्च, अ‍ॅक्सेसरीज आणि वाढीव वॉरंटी असे तिचे भाग असतात, आणि प्रत्येक भाग कार्डाच्या दृष्टीने वेगळा असतो. उदाहरणादाखल महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावर घेतलेली, ९,५०,००० रुपये एक्स-शोरूम किमतीची पेट्रोल गाडी घेऊ. दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के कर लागतो, म्हणजे १,०४,५०० रुपये तिथेच गेले. विमा आणि किरकोळ बाबी धरून एकूण आकडा अकरा लाखांच्या घरात जातो. त्यातले आठ लाख कर्जाचे असतील, तर ती रक्कम बँक थेट विक्रेत्याच्या खात्यात जमा करते आणि तिथे कार्डाचा काही संबंध येत नाही. उरले तीन लाख. रिवॉर्डचा सारा खेळ या तीन लाखांतच आहे, आणि हे एकदा ध्यानात आले की ‘अकरा लाखांवर किती पॉइंट्स?’ हा भ्रम आपोआप दूर होतो.

दुसरी पायरी घासाघिशीची आहे आणि तिथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी गाडीची अंतिम किंमत, सूट आणि मोफत मिळणाऱ्या वस्तू लेखी घ्याव्यात, आणि त्यानंतरच ‘यातली किती रक्कम जादा आकार न लावता क्रेडिट कार्डाने घ्याल?’ असे विचारावे. हा प्रश्न आधी विचारला, तर सेल्समन कार्डाचा खर्च सुटीतून वजा करून मोकळा होतो आणि ते आपल्याला कळतही नाही. अनेक ठिकाणी बुकिंगची रक्कम किंवा पन्नास हजार ते एक लाखापर्यंतची रक्कम जादा आकाराविना घेतली जाते. महिन्याचा शेवट असेल आणि विक्रीचे उद्दिष्ट अपुरे असेल, तर मॅनेजर त्याहून थोडा पुढेही सरकतो. दसरा किंवा गुढीपाडवा तोंडावर असेल, तर मात्र हटून बसण्यात अर्थ नाही, कारण आपल्यामागे गिऱ्हाइकांची रांग आहे हे त्याला पक्के ठाऊक असते.

आता मुख्य हिशेब. आपल्या कार्डावर खर्चाच्या किती टक्के परतावा मिळतो हे रुपयांत काढावे, पॉइंट्सच्या संख्येत नव्हे. ‘दर १५० रुपयांवर चार पॉइंट्स’ हे वाक्य ऐकायला भरघोस वाटते, परंतु एका पॉइंटची किंमत २५ पैसे असेल, तर परतावा एक टक्काही भरत नाही; तोच पॉइंट विमानाच्या तिकिटासाठी एक रुपयाला चालत असेल, तर तो अडीच टक्क्यांच्या पुढे जातो. म्हणजे पॉइंट्स कशासाठी वापरणार हे आधी ठरल्याशिवाय परतावा सांगताच येत नाही. आपल्या उदाहरणात दोन लाख रुपये कार्डाने भरायचे आहेत असे समजू. एक टक्का परताव्याचे कार्ड असेल, तर २,००० रुपये मिळतील. शोरूमने दोन टक्के जादा घेतले, तर ४,००० रुपये जातील. हा व्यवहार उघडउघड तोट्याचा आहे. तीन टक्क्यांहून अधिक परतावा देणारे उच्च श्रेणीचे कार्ड असेल, तर ६,००० रुपयांच्या वर मिळून खर्च वजा जाता दोनेक हजार शिल्लक राहतात, तेही पॉइंट्स पूर्ण किमतीला वापरले तरच. जादा आकार न लागणाऱ्या एक लाखावर मात्र साधे एक टक्क्याचे कार्डसुद्धा निव्वळ हजार रुपये देते. माझ्या मते सामान्य ग्राहकाने तेवढ्यावरच थांबावे.

या हिशेबात एक गोष्ट अशी आहे जी पारडे फिरवू शकते. पुष्कळ कार्डांवर वर्षभरात ठरावीक खर्च पूर्ण झाला की वार्षिक शुल्क माफ होते किंवा बोनस पॉइंट्स मिळतात. समजा, कार्डाचे शुल्क करासह २,९५० रुपये आहे, ते माफ होण्यासाठी तीन लाखांचा खर्च लागतो आणि आपले वर्ष संपायला दोन महिने असताना खर्च दोन लाखांवर अडकला आहे. अशा वेळी गाडीचे एक लाख कार्डावर घातले, तर दोन हजारांचा जादा आकार देऊनही व्यवहार फायद्यात राहतो. परंतु तो टप्पा किराणा, वीजबिल आणि प्रवास यांतून एरवीही पूर्ण होणारच असेल, तर त्याचे श्रेय गाडीच्या खर्चाला देणे ही स्वतःची फसवणूक आहे. हे वर्ष जानेवारी ते डिसेंबर असे नसते, बहुधा कार्ड सुरू झालेल्या महिन्यापासून मोजले जाते, हेही पाहून घ्यावे.

विम्याकडे थोडे थांबून पाहण्यासारखे आहे, कारण खरी बचत पुष्कळदा तिथे लपलेली असते. नव्या मोटारीला तीन वर्षांचा तृतीय पक्ष विमा (आपल्या गाडीमुळे इतरांच्या झालेल्या नुकसानीची भरपाई देणारा) सप्टेंबर २०१८ पासून सक्तीचा आहे, मात्र तो शोरूमकडूनच घ्यावा अशी सक्ती नाही. विक्रेत्याकडून चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक घेऊन तीच पॉलिसी ऑनलाइन काढता येते आणि तिचे पैसे जादा आकाराशिवाय क्रेडिट कार्डाने भरता येतात. तुलना करताना गाडीचे विमा मूल्य आणि शून्य घसारा (भरपाई देताना सुट्या भागांची झीज न कापणारे संरक्षण) यांसारखी जोड-संरक्षणे दोन्हीकडे सारखीच आहेत ना, हे अवश्य पाहावे. केवळ हप्ता कमी दिसतो म्हणून भाळू नये. अनेक बँका विम्याच्या हप्त्यावर कमी पॉइंट्स देतात किंवा महिन्याची मर्यादा घालतात, काही तर मुळीच देत नाहीत. असे असले तरी हप्त्यातच पाच-सात हजारांचा फरक निघाला, तर पॉइंट्सचा विचार गौण ठरतो. ‘बाहेरचा विमा घेतला तर सूट मिळणार नाही’ असे शोरूममध्ये ऐकवले जाते. तसे झाल्यास दोन्ही बाजूंची बेरीज कागदावर मांडून निर्णय घ्यावा.

पॉइंट्स मिळतील की नाही हे ठरवणारी आणखी एक अदृश्य गोष्ट म्हणजे दुकानाचा वर्ग-क्रमांक. कार्ड ज्या मशीनवर फिरते, त्या मशीनला बँकेने चार अंकी क्रमांक दिलेला असतो. मोटारविक्रेत्यांचा क्रमांक ५५११ आहे, विम्याचा ६३००. बँकेच्या नियमांत इंधन, घरभाडे, वॉलेट, शासकीय भरणा अशा वर्गांना रिवॉर्ड नाकारलेले असतात, आणि या याद्या वर्षातून अनेकदा बदलतात. म्हणून बुकिंगची छोटी रक्कम आधी कार्डाने भरावी आणि तिच्यावर पॉइंट्स जमा झाले की मगच मोठी रक्कम फिरवावी. बुकिंग आणि डिलिव्हरी यांच्यात काही आठवडे असतील, तर या चाचणीला पुरेसा वेळ मिळतो. मोठी रक्कम नंतर मासिक हप्त्यांत रूपांतरित करण्याचा मोह टाळावा, कारण बहुतेक बँका अशा व्यवहारावरील पॉइंट्स देत नाहीत किंवा दिलेले परत घेतात, शिवाय प्रक्रिया शुल्क आणि व्याजावरचा जीएसटी वेगळा पडतो.

दिवस निवडण्याचे तंत्र सोपे आहे. कार्डाचे बिल महिन्याच्या १२ तारखेला तयार होत असेल, तर १३ तारखेला केलेला खर्च पुढच्या बिलात जातो आणि तो फेडायला सुमारे ४८ दिवस मिळतात. तोवर दोन लाख रुपये ३ टक्के दराच्या बचत खात्यात राहिले, तरी सातशे-आठशे रुपये व्याज सुटते. मुहूर्त मात्र बिलाच्या तारखेला विचारून येत नाही, आणि घरातील ज्येष्ठांना हे तंत्र समजावण्यात वेळ घालवण्याचे कारण नाही. पैसे १३ तारखेला भरावेत आणि गाडी पाडव्याला आणावी.

कर्ज घेणाऱ्यांनी मात्र एक पथ्य पाळावे. तीन लाखांची मर्यादा असलेल्या कार्डावर दोन लाख उचलले, तर मर्यादेचा दोन-तृतीयांश भाग वापरला गेल्याचे सिबिलसारख्या पतमापन संस्थांकडे नोंदवले जाते आणि त्याचा आपल्या पतगुणांकावर (क्रेडिट स्कोअरवर) परिणाम होऊ शकतो. २०२५ पासून ही माहिती किमान दर पंधरवड्याला जाते. त्यामुळे कर्ज मंजूर होऊन रक्कम विक्रेत्याकडे पोहोचेपर्यंत मोठी रक्कम कार्डावर घालू नये. डाउन पेमेंट क्रेडिट कार्डाने केलेले आपल्या बँकेला चालते का, हेही कर्ज अधिकाऱ्याला आधी विचारावे, कारण स्वतःचा वाटा उसनवारीचा नसावा अशी बँकेची अपेक्षा असते.

पैसे भरण्याच्या आदल्या रात्री कार्डाच्या अ‍ॅपमध्ये जाऊन दुकानातील मशीनसाठीची व्यवहार मर्यादा तपासावी. हे मी अनुभवाने सांगतो. आमची गाडी आणली तेव्हा कॅशिअरने दीड लाखाचा आकडा टाकला, मी पिन दाबला, आणि मशीनमधून ‘नाकारले’ अशी चिठ्ठी बाहेर आली. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. मागे उभे असलेले सासरे आधी माझ्याकडे आणि मग छताकडे पाहू लागले. काही महिन्यांपूर्वी सुरक्षिततेसाठी मीच ती मर्यादा पन्नास हजारांवर आणून ठेवली होती आणि पार विसरून गेलो होतो. मोठा व्यवहार होणार असल्याचे बँकेला आधी फोनवर कळवले, तर संशयापोटी व्यवहार अडवला जाण्याची शक्यताही कमी होते. कार्ड फक्त विक्रेत्याच्या अधिकृत मशीनवरच फिरवावे. कोणा कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक क्यूआर कोडवर ‘बुकिंगपुरते’ म्हणूनही पैसे टाकू नयेत. पावतीवर गाडीची रक्कम आणि कार्डाचा जादा आकार स्वतंत्र ओळींत लिहून घ्यावा.

बिल आले की ते पूर्ण भरावे, आणि हे ज्याला निश्चित जमणार नाही त्याने वरील सर्व परिच्छेद विसरून डाउन पेमेंट सरळ खात्यातून करावे. दोन लाखांवर महिना ३.५ टक्के व्याज म्हणजे ७,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी १,२६० रुपये. एकाच महिन्यात गेलेल्या या ८,२६० रुपयांपुढे वर मोजलेला प्रत्येक लाभ किरकोळ आहे. बिलावरची ‘किमान देय रक्कम’ भरल्याने विलंब शुल्क टळते, व्याज टळत नाही.

प्राप्तिकराबाबत दोन गोष्टी जाणून घ्याव्यात. एका आर्थिक वर्षात कार्डाची बिले मिळून दहा लाख किंवा त्याहून अधिक भरणा झाला, तर बँक त्याची माहिती प्राप्तिकर विभागाला देते. उत्पन्न जुळत असेल, तर त्यात भिण्यासारखे काही नाही, मात्र पॉइंट्सच्या हौसेपायी मेहुण्याच्या आणि मित्राच्या गाड्यांचे पैसेही आपल्याच कार्डावर घेणाऱ्यांनी याचा जरूर विचार करावा. दुसरे म्हणजे दहा लाखांहून अधिक किमतीच्या गाडीवर विक्रेता आपल्या प्राप्तिकरापोटी एक टक्का कर (टीसीएस) गोळा करतो. ही रक्कम आपल्या २६एएस विवरणात (आपल्या नावे जमा झालेल्या कराच्या प्राप्तिकर विभागाकडील नोंदीत) दिसते आणि विवरणपत्र भरताना वळती करून घेता येते. बारा लाखांच्या गाडीवर ते बारा हजार रुपये होतात, म्हणजे बहुतेक कार्डांच्या पॉइंट्सपेक्षा कितीतरी जास्त, आणि तरीही ते मागायचे राहून गेलेले लोक मी पाहिले आहेत.

पॉइंट्स खात्यात येण्यास एक बिल-चक्र लागू शकते. ते आले नाहीत, तर व्यवहाराची तारीख, रक्कम आणि पावतीचे छायाचित्र जोडून बँकेकडे लेखी तक्रार नोंदवावी. बुकिंग रद्द झाले, तर पैसे त्याच कार्डावर परत येतात आणि त्यावर मिळालेले पॉइंट्स वजा होतात; ते आधीच खर्च झालेले असतील, तर पॉइंट्सची शिल्लक उणे दिसू लागते. म्हणून गाडी प्रत्यक्ष दारात उभी राहीपर्यंत त्या पॉइंट्सना हात लावू नये.